ब्रह्मदेशची बाई आणि माझं नुसतं नाव

माझ्या नवऱ्याचा गाड्यांचा धंदा. परदेशातून आलेल्या यात्रेकरूंना अजिंठा-वेरूळ दाखवून आणायचं आणि घरी येऊन कोण किती हळू चालतं याची तक्रार करायची. सात-आठ वर्षांमागं एकदा त्यांनी तक्रारीबरोबर एक म्हातारीच घरी आणली.

ब्रह्मदेशातून आलेल्या घोळक्यातली ती. अजिंठ्याच्या पायऱ्यांवर पाय मुरगळला, हाडाला चीर गेली, प्लास्टर घालावं लागलं. बाकीचे बोधगयेला पुढं गेले. "हॉटेलात एकटी कुठं ठेवायची? राहू दे आपल्याकडं," नवरा म्हणाला. राहू दे म्हणायला हे, आणि पथ्यपाणी करायला मी! पण मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं आणि ती इंग्रजी सावकाश, नीट बोलायची. आमचं जमलं.

दवाखान्यातला फॉर्म मीच भरला होता. पासपोर्टवर तिच्या नावाचे तीन शब्द. पहिला तिच्या नावापुढं लिहिला, दुसरा वडील किंवा पती असं छापलं होतं त्यापुढं, तिसरा आडनावापुढं. रकानेही तीनच होते, मला शंका यायचं कारणच नव्हतं. आणि आमच्या शाळेत सगळ्या शिक्षिकांना आडनावापुढं 'बाई' लावायची रीत, तशी मी तिला तिसऱ्या शब्दापुढं बाई लावून हाक मारायला लागले. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "तू हे कुणाला बोलावतेस?"

"तुम्हालाच की. तुमच्या आडनावानं."

ती इतकी हसली की प्लास्टरचा पाय स्टुलावरून खाली आला. म्हणाली, "आमच्यात आडनाव नसतं. ते तिन्ही शब्द माझेच."

"मग वडिलांचं?"

"वडिलांचं नाव वडिलांकडं."

"आणि लग्न झाल्यावर?"

"लग्न झाल्यावर नवरा आला. नाव कशाला जाईल?"

 माझं मात्र गेलं होतं. आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात सोन्याच्या अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. माझं नाव आणि सासूबाईंचं नाव एकच निघालं. एका घरात दोघी कशा चालतील, हाक मारली तर दोघी उठतील, म्हणून माझं बदललं. मी एकवीस वर्षांची, बी.ए. झालेली, मुकाट मान खाली घालून ताटातलं ते नाव वाचलं. चांगलं नाव होतं, नाही म्हणत नाही. पण ती मी नव्हते. आणि कळस म्हणजे पुढं कळलं, सासूबाईंचं ते नावही याच घरानं तांदळात लिहिलेलं. ज्या नावापायी माझं गेलं, ते त्यांचं स्वतःचंसुद्धा नव्हतं. हे ऐकून असा संताप आला होता म्हणता!

तर ही बाई कादंबरीकार निघाली. सहा कादंबऱ्या. बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या आईची पोर, पुस्तकं भाड्यानं देणाऱ्या दुकानात वाचून वाचून शहाणी झालेली. तिकडं तेव्हा पुस्तक सरकारला दाखवल्याशिवाय विकता येत नसे. नको असलेल्या ओळींवर चंदेरी रंग फासायचे. तिच्या पहिल्या कादंबरीची दोन पानं तशी गेली. पुढं एका कथेत बाजारातली बाई सरकारला शिव्या देते, त्यापायी ही तीन वर्षं तुरुंगात. तिथं कागद-पेन्सिल बंद. बायकांना तांदूळ निवडायला बसवायचे. तांदूळ निवडता निवडता तिनं अख्खी कादंबरी तोंडानं रचली आणि शेजारच्या बायकांना सांगितली. एकेकीनं एकेक प्रकरण लक्षात ठेवलं. सुटल्यावर त्यांना गाठून, ऐकून ऐकून तिनं ती कागदावर उतरवली.

रोज सकाळी ती गावाकडून आणलेलं लाकूड माझ्या सहाणेवर उगाळून गालांना लावायची आणि गॅलरीत बसून मला हे सांगायची. तिनं दिलेली आंबवलेली चहाची पानं नवऱ्यानं एकदाच चाखली. "चहा प्यायचा असतो बाई, खायचा नसतो," म्हणाले आणि गुळणी करायला पळाले.

जाताना तिनं तुरुंगातल्या त्या कादंबरीचा इंग्रजी मजकूर माझ्या हातात ठेवला. तिच्या भाचीनं केलेला. "तुझ्या भाषेत आण," एवढंच म्हणाली.

चार वर्षं लागली. मासळीबाजारातल्या बायका पुस्तकी मराठीत भांडेनात, मग त्यांना आमच्या शहागंजच्या बाजारातल्या बायकांसारखं बोलायला लावलं, तेव्हा कुठं त्या जिवंत झाल्या. अडलं की फोन. शेवटाला येईतो तिची नजर जायला लागली होती, साखरेचा आजार. "लवकर कर, मला पुस्तक डोळ्यांनी बघायचंय," ती म्हणायची.

पुण्याच्या प्रकाशकांनी कव्हर पाठवलं. वर तिचे तिन्ही शब्द ऐटीत. खाली अनुवाद: सौ., मग तांदळातलं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. माझ्या डोक्यात सणक गेली. मी फोन केला, "हे नको. माझं जन्माचं नाव घाला."

"ठीक आहे ताई, मग माहेरचं आडनाव लावू."

"ते वडिलांचं. नुसतं नाव."

"नुसतं? अहो ताई, सिनेमातल्या नटीसारखं दिसेल! आणि कव्हरं छापून झालीत. बदलायचं तर दोन महिने गेलेच समजा."

घरात तर शिमगाच. "लोक म्हणतील आमची फारकत झाली!" नवरा म्हणाला. "छत्तीस वर्षं लई चांगलं चाललं होतं की तुझं त्या नावावर."

"चाललं नव्हतं, चालवलं होतं," मी म्हटलं. "तुमच्या घरच्या पत्रिकेवर काय लिहायचं ते लिहा. हे चार वर्षं मी लिहिलंय."

तोंडानं मी बोलले, पण आतून हलले होते. दोन महिन्यांत तिची नजर गेली तर? माझ्या हट्टापायी एका म्हातारीला तिचं पुस्तक दिसू नये? मी तिला फोन लावला, सगळं सांगितलं आणि म्हटलं, "जाऊ दे, मी हो म्हणते. तुम्ही बघा तरी."

ती चिडली. तिला चिडलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "पुस्तक निघावं म्हणून मी एकदा दोन पानांवर रंग फासू दिला," ती म्हणाली. "पुस्तक निघालं. ते मी आजवर कुणासमोर उघडलेलं नाही. माझ्या डोळ्यांचं कारण पुढं करून तू रंग फासून घेऊ नकोस."

मी प्रकाशकांना कळवलं, नाव बदलणार नसेल तर पुस्तक काढूच नका. आणि बदलणार असाल तर दोघींची नावं उठावाची छापा, बोटाला लागतील अशी. ते आठवडाभर कुरकुरले. मग छापलं.

पुस्तकं आली त्या दिवशी नवऱ्यानं खोकं फोडलं, कव्हर बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "दिसतंय बरं." लगेच गुलमंडीला पेढे आणायला गेले. फारकतीचं नाव नाही काढलं.

तिच्याकडं प्रत पोचायला आणखी महिना गेला. तोवर तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. भाचीनं फोन लावून स्पीकरवर टाकला आणि तिच्यापुढं धरला. तिचं बोट कव्हरवर फिरत असल्याचं भाची मला सांगत होती. आधी वर, तिच्या नावावरून. मग खाली.

"हे तुझं?" तिनं विचारलं.

"व्हय," माझ्या तोंडून मराठीच आलं. तिला कळलं.

"इथं संपतं?"

"तिथंच."

"पुढं काही नाही?"

"काही नाही."

तिनं बोट पुन्हा पहिल्यापासून फिरवलं, भाची म्हणाली. मग ती हसली, प्लास्टरचा पाय स्टुलावरून पडला होता तेव्हासारखी. आणि मी इकडं गारखेड्यातल्या आमच्या घरात भरदुपारी दार उघडं टाकून मोठ्यानं रडले. दुःखानं नाही हं. माजानं.