धोंड्याच्या महिन्यातल्या कण्या

माझ्या सासूबाई माझ्याशी भरपूर बोलत, पण माझ्याकडे बघून नव्हे. पदर कपाळापर्यंत ओढायचा, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं आणि चौकटीला सांगायचं, "जावईबापूंना म्हणावं, अजून एक घ्या." मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर पाटावर बसलेला असे, तरी माझी बायको सुनीता तोच निरोप मला पुन्हा सांगे. नांदेडच्या कॉलेजात पोरं मला टरकून असतात. पण मुरुडच्या त्या चौकटीला 'नको' म्हणायची माझी छाती नव्हती.

लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला. हा धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. चौकटीचं समाधान होईपर्यंत मी खाल्लं. परतीच्या एसटीत अहमदपूर यायच्या आधीच पोटाने बंड केलं. गाडी थांबवून, पाण्याची बाटली घेऊन मी कुणाच्या तरी उसात शिरलो. मागून कंडक्टर ओरडत होता, "सायेब येईस्तोर कुणी घाई करू नका!" परत आलो तोवर सगळ्या गाडीने माझ्यासाठी ओव्याजिऱ्याचे उपाय ठरवून ठेवले होते.

नांदेडला तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "आयबीएस आहे. आतडं चिडकं आहे तुमचं." गहू, हरभऱ्याची डाळ, दूध, कांदा, लसूण काही दिवस बंद करायचं, मग एकेक पदार्थ थोडा थोडा खाऊन कशाने बिघडतं ते बघायचं. मी यादी करून फ्रीजला चिकटवली आणि कुणी आग्रह केला की मोडली. सासुरवाडीला तर सुनीतालाही काही सांगू दिलं नाही. जावयाचं पोट नाजूक, ही काय मिरवायची गोष्ट आहे?

पुढच्या पोळ्याला मुरुडला गेलो. ताटात पुरणपोळी आली. सासूबाई आत वळल्या तशी मी ती घडी करून अंगणातल्या कुत्र्याला टाकली. कुत्रं फार इमानी. ते पोळी तोंडात धरून मागच्या दाराने थेट सासूबाईंच्या पायाशी जाऊन बसलं.

त्या बाहेर आल्या. पदर मागे सरकलेला, डोळ्यांत पाणी. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बापू, माझ्या हाताला काय खोट हाय का? जावाई उपाशी उठला तर म्या गावात काय तोंड दाखवू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं सांगून टाकलं, उसासकट.

"उसाचं कवाच कळलंय," त्या म्हणाल्या. "कंडक्टर आपल्याच गावचा हाय. पर दुखतंय हे न्हाई सांगितलं तुमी. बैलाला नवा चारा एकदम टाकत न्हाईत. जुन्यात इवला इवला मिसळतेत, चार रोज शेण बघतेत, मग वाढवतेत. तुमचं काय येगळं हाय?"

वेगळं काहीच नव्हतं. त्या दिवसापासून माझी सोय बैलाच्या हिशेबाने सुरू झाली. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दोडका, आणि ज्वारी भरडून शिजवलेल्या मऊ कण्या. दर खेपेला एकच नवा पदार्थ, तोही चमचाभर. दुसऱ्या दिवशी भरल्या घरात चौकटीला प्रश्न, "जावईबापूंना इचारा, सकाळी कसं झालं?" सुनीता तो खणखणीत आवाजात पोचवायची. अब्रू गेली, पण पोट राहिलं.

मग पुन्हा धोंड्याचा महिना आला. भावकीच्या पंगतीत सगळ्यांच्या ताटात धोंडे, माझ्या ताटात कण्या. चुलत सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अगं बया! धोंड्याच्या महिन्यात जावयाला कण्या? लोकं काय म्हणतील?"

जावई उपाशी उठण्याच्या धास्तीने रडलेली बाई आता शांतपणे म्हणाली, "दुखतंय ते ह्यांच्या पोटात. लोकायच्या न्हाई." आणि मला अजून एक पळी वाढली. माझ्यासाठी इतक्या लोकांसमोर त्याआधी कुणी बोललं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. यंदा धोंड्याचा महिना आला, मेहुण्याने बोलावलं. आता उसाची गोष्ट पहिल्यापासून कुणाला सांगायची, या काळजीत मी पाटावर बसलो. मेहुण्याच्या बायकोने ताट आणून ठेवलं. ताटात कण्या होत्या.

"आत्या दवाखान्यातून सांगून गेल्या," ती म्हणाली. "माझं दिवसपाणी कसंबी करा, पर बापूंच्या ताटात हरभऱ्याची डाळ पडू देऊ नका."

मी ताटातल्या कण्या संपवल्या. समोरच्या चौकटीत कुणी नव्हतं. त्या घरात आयुष्यात पहिल्यांदा मी आपण होऊन मागितलं, आणि तेही चौकटीकडेच बघून.

"म्हणावं, अजून थोड्या वाढा."