डबल ट्रॉलीचा रिव्हर्स

आधीच सांगते, मी देवाधर्माच्या वाटेला फारशी जात नाही. कॉम्प्युटर बिघडला की एरर लॉग बघायचा, पंचांग नाही... अशा मताची मी. त्यामुळे पुढचं वाचून हसणार असाल तर खुशाल हसा. मीही हसले असते.

आमचं गाव सणसर, तालुका इंदापूर. इंजिनिअरिंग बारामतीला झालं, पण गेम बनवायला तिथे कोणी शिकवलं नाही. ते मी घरी बसून, चुका करत करत शिकले. माझं अजूनही ठाम मत आहे — दहा कोर्सची सर्टिफिकेटं भिंतीला लावण्यापेक्षा एक मोडकातोडका गेम शेवटपर्यंत बनवावा. अण्णांना, म्हणजे वडिलांना, हे पटत नव्हतं. दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही तर बी.एड.ला नाव घालायचं, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. मला शिकवायची हौस नाही आणि धीर तर त्याहून नाही.

माझा गेम होता ऊसवाहतुकीचा. ट्रॅक्टरमागे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि कारखान्याच्या यार्डात तो सगळा लवाजमा रिव्हर्स घ्यायचा. डबल ट्रॉली मागं घेता येणाऱ्याला आमच्याकडे मान असतो, आणि अण्णा त्यातले नावाजलेले. माझ्या गेममध्ये मात्र रिव्हर्स टाकला की मागची ट्रॉली पुढचीवर चढून बसायची. महिनाभर डोकं फोडलं. दसऱ्यानंतर बंगळुरूच्या एका कंपनीत ऑनलाइन इंटरव्ह्यू होता आणि त्यात हाच गेम दाखवायचा होता. अण्णांना खेळायला दिला तर म्हणाले, "ह्यो ट्रॅक्टर कुणाचाबी आसू दे, आपला न्हाय."

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन अंगणात उभा होता. पुढे कोयते, खुरपी, नटबोल्टचे पाने मांडलेले. मी आंघोळ करून येते तर त्याच रांगेत माझा लॅपटॉप... उघडा. स्क्रीनला झेंडूचा हार, बटणांवर कुंकू, आणि आई तांब्यातलं पाणी फुलानं शिंपडतेय.

"आई, अगं जळेल तो."

"ट्रॅक्टर जळला का? कोयतं जळलं का?" आई शांतपणे म्हणाली. "ज्येच्यावर पोट भरायचं त्येला हळदकुकू लावायचं. तू दिसभर ह्येच्यावर बसतीस, मग ह्यो काय परका हाय व्हय?"

लॅपटॉप बंद पडला. मी रडले — अगदी हुंदके देऊन. आईचा चेहरा उतरला. ती पदरानं एकेक बटण पुसत बसली, ते बघून मला आणखी वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी, उन्हात वाळवल्यावर तो चालू झाला. इथवर नशीब म्हणू. सवयीनं गेम उघडला, रिव्हर्स टाकला... आणि दोन्ही ट्रॉल्या शहाण्या बैलांसारख्या सरळ मागे गेल्या.

अण्णांना बोलावलं. त्यांनी गेममधला ट्रॅक्टर यार्डात वळवून, मागे पार भिंतीपर्यंत नेऊन लावला. "आता हाताला वजन कळतंय," म्हणाले. "काय केलंस?"

काय सांगणार? मी एक ओळसुद्धा बदलली नव्हती. पूजेआधीची कॉपी इंटरनेटवर ठेवलेली होती, ती मावसभावाच्या कॉम्प्युटरवर चालवली — ट्रॉली चढली. पूजेनंतरची कॉपी त्याच कॉम्प्युटरवर चालवली — सरळ गेली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. काडीचा फरक नाही.

इंटरव्ह्यूत गेम झकास चालला. मग पॅनेलवरच्या मॅडमनी, मराठीच होत्या, विचारलं, "रिव्हर्सचा प्रॉब्लेम कसा सोडवलास?" घर्षण, गुरुत्वमध्य वगैरे घालून मी एक उत्तर पाठ करून ठेवलं होतं. पण जीभ वळेना.

"मॅडम, खरं सांगू? मला माहीत नाही. आईनं लॅपटॉपची पूजा केली, तेव्हापासून चालतोय."

मला बी.एड.चं कॉलेज डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "दोन्ही कॉपी पाठवून दे."

आठवड्यानं त्यांचा फोन आला. त्यांच्या टीमनं खूप डोकं लावलं, फरक कोणालाच मिळाला नव्हता. "तू थाप मारली नाहीस एवढं तरी कळलं," म्हणाल्या आणि नोकरी दिली. घरूनच करायची. अण्णांनी पेढे वाटले, आणि प्रत्येकाला सांगितलं की रिव्हर्स त्यांनी शिकवला.

त्या दोन कॉप्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. सवड मिळाली की पुन्हा तपासते. एकीत ट्रॉली चढते, दुसरीत सरळ मागे जाते, आणि का ते मला आजही सांगता येत नाही. कोणाला काही सुचलं तर जरूर कळवा, फक्त 'श्रद्धा' हा शब्द वापरू नका.

परवा मॅडमचा पुन्हा फोन. कंपनीचा सर्व्हर सारखा बंद पडतोय, कारण सापडत नाही. बोलताना हसत होत्या, पण पूर्ण हसत नव्हत्या. "आईंना विचारशील का... सर्व्हरचा फोटो पाठवला तर चालेल?"

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "फोटोला पानी मारून काय व्हायचं? हितं घिऊन या म्हनावं. आन जेवूनच जा म्हनावं."