वरच्या खोलीचा भाडेकरू

माझे अण्णा जुन्या वळणाचे. मतही कायम परंपरेची भाषा बोलणाऱ्या पक्षालाच. त्यामुळे सुदानहून शिकायला आलेला इद्रिस आमची वरची खोली बघायला आला, तेव्हा मला धास्तीच वाटत होती.

शेजारचे काका कुजबुजले, "अण्णा, तुम्ही संस्कृती जपणारे, आणि हा काळा माणूस घरात?"

अण्णा चिडले. "कातडीला कसली आलीय संस्कृती? घराची शिस्त पाळील तो राहील." मग मला दटावतात त्याच आवाजात इद्रिसला म्हणाले, "चपला बाहेर काढ."

माझा जीव भांड्यात पडला. जुनं जपणाऱ्याच्या मनात तिरस्कार असणारच, असं मी उगाच धरून चाललो होतो. निदान माझ्या घरात तरी तसं नव्हतं. इद्रिस अनवाणी आत आला. अण्णांनी उठून त्याला स्वतःची खुर्ची दिली.