कोपऱ्यातलं नाव

कॅनडातल्या मार्कहॅमच्या ऑफिसात माझ्या शेजारी निवृत्तीला आलेले एक मराठी काका बसायचे. गयाना आणि व्हेनेझुएला ज्या जमिनीवरून भांडतात, तिथे आमच्या कंपनीला सोनं शोधायचं होतं. काका सकाळी एका वकिलातीशी फोनवर गोड बोलायचे, दुपारी दुसरीशी. 'सीमा' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. "रेघ म्हण गं, रेघ खोडता येते," म्हणायचे आणि नकाशांवर शिसपेन्सिलच चालवायचे.

नकाशे मी करायची. कोपऱ्यात माझं नाव असायचं. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिलीच, म्हणून प्रत्येक नकाशाचा फोटो आईला धाडायची.

एकदा साहेबांनी गुंतवणूकदारांच्या नकाशातून वादाची तुटक रेघ काढायला सांगितली, म्हणजे भांडण दिसायलाच नको. मी काढली. काकांनी प्रिंट पाहिली, माझं नाव खोडलं आणि पेनने स्वतःचं लिहिलं. "असंच छापायचं."

"काम माझं आहे, काका."

"माहीत आहे. तुला अजून खूप वर्षं नोकरी करायचीय."

आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. मग एका वकिलातीचं खुलासा मागणारं पत्र आलं, काकांच्या नावाने. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि मला विचारलं, "बर्फ येतोय, गाडीला विंटर टायर्स बसवलेस का?"