आधी बांगडी, मग खबर

आमच्या गावात छापील कागद यायचा तो गुळाच्या ढेपीला गुंडाळून, आणि वाचणारा सापडेपर्यंत मुंगळ्यांनी तो अर्धा खाल्लेला असायचा. राज्य निजामाचं. सरकारला काय हवंय ते दवंडी पिटून कळायचं. आम्हाला काय हवंय ते सरकारला कळायची सोय नव्हती. म्हणून खरी खबर यायची ती छबुबाई कासारणीच्या दुरडीतून.

छबुबाई वडवणीची. आधी तिचा नवरा आसाराम बांगड्यांची दुरडी घेऊन गावोगाव फिरायचा. त्याचे डोळे गेले तसा तो घरी बसला आणि दुरडी हिच्या डोक्यावर आली. वडवणीचा बाजार झाला की ती निघायची, वाटेतली गावं करत नांदूरघाटापर्यंत जायची आणि दुसऱ्या वाटेनं परतायची. बायका तिच्यापुढं हात करायच्या आणि विचारायच्या, "काय छबुबाई, कुठली खबर?"

हे सगळं मला बायनाबाईनं सांगितलं. ती माझ्या आईची मावशी. तिनं जसं सांगितलं तसं मी सांगतो. मधे मधे मला राग येतो, तो मात्र माझा.

छबुबाईच्या खबरीवर आमचं गाव कितीदा तरलं होतं. महसुलाच्या गिरदावर साहेबाचा दौरा निघालाय, वेठीला गाड्या धरतायत, असं ती सांगून गेली की दुसऱ्या दिवशी गावातल्या एकाही गाडीला चाक दिसायचं नाही. साहेब आले की सगळे तोंड पाडून उभे, "काय करावं सरकार, सुतारच मिळंना." लमाणांचा तांडा हलतोय, बैल स्वस्तात काढतोय, हे तिच्याकडूनच कळलं आणि आमच्यातल्या चौघांच्या दावणी भरल्या. आमच्याकडे सुईण उरली नाही, बाळंतिणी दगावतायत, ही खबर तिनं उलट दिशेनं नेली. पुढच्याच फेरीला चंद्रभागाबाई सुईण बोचकं घेऊन तिच्या मागोमाग आली आणि कायमची राहिली. कुठं काय बिघडलंय आणि कुणाला काय साधता येईल, हे त्या बाईला चालता चालता उमगायचं. या खबरींचं तिनं कधी कुणाकडून काही घेतलं नाही.

पण तिचा एक नेम होता. आधी बांगडी, मग खबर. आणि बाईचा हात हातात असेपर्यंत वाईट शब्द काढायचा नाही. बांगड्या भरून झाल्या, बाईनं नमस्कार केला, सुपातले दाणे दुरडीत पडले, की मग उठून अंगणाबाहेर जायचं आणि कुठं काय वाईट झालंय ते सांगायचं. सासू भिवराबाईनं तिला हे शिकवलं होतं. "कासारणीनं हात धरून अभद्र बोललं तर ते त्या बाईच्या कुंकवाला लागतं," असं भिवराबाई म्हणायची. बांगडी फुटली असंसुद्धा जिथं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, तिथं कुणी मेल्याचं कसं बोलणार? नेम वेडा नव्हता. एरवी घटका अर्ध्या घटकेनं खबर उशिरा कळली तर कुणाचं काही जात नव्हतं.

बायनाबाईची थोरली लेक शिवकन्या. बायनाबाईचा नवरा सुंदरराव, घरचा शेतकरी, शब्दाचा पक्का आणि जरा जास्तच पक्का. त्यांनी शिवकन्येचं लग्न नांदूरघाटाजवळच्या एका गावात ठरवलं. गावाचं नाव घेत नाही, तिथं अजून माणसं नांदतायत. मुलगा बिभीषण, घर खाऊन-पिऊन सुखी. लग्न मुलाच्या दारात होणार होतं. ते प्लेगाचे दिवस होते. कधी या तालुक्यात, कधी त्या, गाठी येऊन माणसं मरत होती. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं आणि रानात खोपी घालून राहायचं, एवढं शहाणपण तोवर सगळ्यांना मरणानंच शिकवलं होतं.

वऱ्हाड निघायच्या आदल्या दिवशी छबुबाई चुडा भरायला आली. ती आली होती ती मुलाकडच्या गावाहूनच, तिथल्या बायकांच्या बांगड्या भरून.

आणि तिथं तिनं पाहिलं होतं. मुलाच्या आईच्या हातात ती बांगडी चढवत होती तेव्हा भरदिवसा एक उंदीर ओसरीवर आला, बायकांच्या मधोमध गोल फिरला आणि पडला. मुलाच्या आईनं त्याच्यावर सूप पालथं घातलं आणि म्हणाली, "भर गं तू. हात थांबवू नगं." शेजारच्या घरातली माणसं पाळणा खांद्यावर घेऊन गुपचूप रानाकडं निघाली होती. गावानं मिळून तोंड शिवलं होतं. बोभाटा झाला की अंमलदार येणार, घरं रिकामी करणार, आणि लग्नं तर राहूनच जाणार.

इकडं बायनाबाईच्या अंगणात बायका गोळा झाल्या होत्या. शिवकन्या पाटावर बसली. छबुबाईनं तिचा हात हातात घेतला, तेव्हा बायनाबाईनं हसत विचारलं, "सांगा की वो, आमच्या पाव्हण्यांकडं काय चाललंय?"

"मांडव पडलाय वैनी," छबुबाई म्हणाली. "लई मोठा घातलाय."

"आन् सगळी खुशाल?"

"खुशाल हायेत."

बायनाबाई मला म्हणाली होती, छबुबाई मान वर करून बघतच नव्हती, पण आम्हाला वाटलं चालून चालून दमली असेल. हिरव्या बांगड्या एकेक करून चढल्या. मग आईच्या, चुलत्यांच्या बायकांच्या, आत्यांच्या. शिवकन्येनं कासारणीला वाकून नमस्कार केला. छबुबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला, जन्मसावित्री हो. मग दुरडी तिथंच टाकून ती उठली आणि अंगणाबाहेर लिंबाखाली सुंदरराव गाडीच्या आखाला वंगण घालत होते तिथं गेली.

"दादा, वऱ्हाड नेऊ नगा. तिथं उंदीर पडायलेत. म्या डोळ्यानं बघितलं."

सुंदररावांनी वंगणाचा बोळा खाली टाकला. मग त्यांनी विचारलं, "हे चुडा भरायच्या आधी कावून न्हाई सांगितलं?"

छबुबाई लिंबाच्या बुंध्याशी खाली बसली.

आता इथं परक्याला काही वाटणार नाही, म्हणून सांगतो. चुडा भरेपर्यंत लग्न पुढं ढकलता येतं. मुहूर्त चुकला, पाऊस आला, कुणी वारलं, काहीही कारण चालतं. पण एकदा हिरवा चुडा हातात चढला की पोरगी निघालीच. तो चुडा उतरवायचा म्हणजे नवरा मेल्यासारखं. चुडा उतरवलेली पोर पुन्हा कुणी करत नाही. तासाभरापूर्वी छबुबाई अंगणाच्या तोंडाशीच बोलली असती तर बायका ओरडल्या असत्या, रडल्या असत्या, आणि शिवकन्या पाटावरून उठून घरात गेली असती. एवढंच झालं असतं.

"बैल गेला न् झोपा केला," सुंदरराव म्हणाले. "आता काय करू म्या?"

"लगीन गावात लावू नगा. नारायणगडाच्या पायथ्याला लावा, न्हाईतर रानात लावा. त्यांना म्हणावं नवस हाय."

सुंदररावांनी तेही करून पाहिलं. माणूस न धाडता स्वतः घोड्यावरून पुढं गेले आणि व्याह्याला हात जोडले. व्याही हसला. "उंदीर काय तुमच्याकडं मरत न्हाईत व्हय? दारात मांडव टाकून म्या रानात लगीन लावू? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील! या तीन शब्दांनी आमच्या मुलखात जेवढी माणसं मारली असतील तेवढी गाठींनी मारली नसतील. सुंदरराव शब्दाचे पक्के. दिलेला शब्द मोडायची अक्कल त्यांना त्या दिवशी झाली नाही, आणि मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हे मला ठाऊक आहे.

वऱ्हाडाला जानोसा दिला तो धान्याच्या वखारीत. अंथरायला पोती. बायनाबाई रात्रभर शिवकन्येचे पाय पदरानं झाकत बसली, जणू उंदीर पदराला भिणार होता. अक्षता पडल्या, जेवणावळी झाल्या, पोरीला सासरी ठेवून गाड्या परत निघाल्या. वाटेतच सुंदररावांना ताप भरला. घरी आले तेव्हा जांघेत गाठ होती. त्यांच्या तेराव्याच्या आतच तिकडून माणूस आला. शिवकन्या गेली होती. तिच्या अंगावरची हळदसुद्धा निघाली नव्हती. बिभीषण वाचला आणि पुढं त्यानं दुसरं लग्न केलं.

त्यानंतरच्या फेरीला छबुबाई आली ती वेशीतच थांबली. दुरडी डोक्यावर तशीच ठेवून तिनं मोठ्यानं सांगितलं, "आधी खबर ऐका, मग हात पुढं करा." आणि कुठल्या गावात काय बिघडलंय, कुठं कोण मेलंय, सगळं सांगून टाकलं. बायका पुढं केलेले हात पदरात घेऊन घरी गेल्या.

मग ती सगळीकडं असंच करू लागली. गावं तिला अवदसा म्हणू लागली. मुंजाजी नावाचा दुसरा कासार गोड गोड बोलत त्याच वाटेनं फिरायला लागला आणि बायका त्याच्याकडं बांगड्या भरू लागल्या. पुढं एका हिवाळ्यात छबुबाईनं वेशीत ओरडून सांगितलं की ओढ्यापलीकडच्या गावात उंदीर पडलेत. आमचं गाव शिव्या देत उठलं आणि मळ्यात जाऊन राहिलं. त्या साथीत आमच्यातलं एकही माणूस गेलं नाही. जीव वाचवला तो देवानं, आणि अभद्र बोलली ती छबुबाई, असा हिशोब लोकांनी केला. लोक परत गावात आले तेव्हाही तिची दुरडी भरलेली ती भरलेलीच.

एकदा ती वेशीजवळच्या पारावर बसली होती. समोरून बायनाबाई आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. छबुबाईनं मान खाली घातली. बायनाबाई तिच्या शेजारी बसली.

"घरी आसाराम काय खातो?" तिनं विचारलं.

"असंल ते."

"तू तुझा धंदा कर. पहिल्यावानी गोड बोल. वाईट आसंल ते गावात शिरायच्या आधी हितं मला सांगत जा. म्या सांगते घरोघर."

"वैनी, लोक तुमाला काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ऱ्हायलंय?" बायनाबाई म्हणाली. "मला बघितलं की तसंबी तोंड फिरवतेत."

त्या दिवसापासून ते तसं चाललं. छबुबाई पारावर टेकायची, बायनाबाईला सांगायची, आणि मग गावात जाऊन बायकांचे हात हातात घ्यायची. हळूहळू हात पुन्हा पुढं येऊ लागले. "कुठली खबर?" कुणी विचारलं की ती म्हणायची, समदं चांगलं हाय. तोवर बायनाबाई अनवाणी गल्लीच्या त्या टोकाला पोचलेली असायची. ती दारात दिसली की बायका चडफडायच्या, दार लावून घ्यायच्या, आणि आत जाऊन मुकाट्यानं वाकळा बांधायला लागायच्या.