अमृतची डिश

आमच्या पाड्यात अमृतला ‘डिश मास्टर’ म्हणतात. हे नाव त्याने स्वतःच स्वतःला दिलं आणि लोकांनी चिडवायला म्हणून उचललं, पण त्याला ते कधी कळलं नाही. त्याचं शिक्षण काय, तर डहाणू रोडला एका डिश बसवणाऱ्याकडे तो काही दिवस शिडी धरायला होता. शिडी सोडून त्याने तिथे कशाला हात लावला असेल असं मला वाटत नाही. पण २०१४ साली त्याच्या घरावर पाड्यातली पहिली डिश लागली, आणि तेव्हापासून हा माणूस छाती काढून असा फिरतो, की आभाळातला उपग्रह यानेच वर सोडलाय असं वाटावं.

मी निर्मला, त्याची शेजारीण. पाड्यातली अंगणवाडी मी चालवते. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक काट्यांचं कुंपण आहे, त्यामुळे त्याचं कर्तृत्व मला कान बंद केले तरी ऐकू येतं.

चित्र गेलं की त्याची पद्धत ठरलेली. आधी रिमोट तळहातावर आपटायचा. मग बॉक्समधलं कार्ड काढून शर्टाला पुसायचं. मग वायरच्या टोकात फुंकर मारायची, ती कशासाठी ते देवालाच माहीत. तरी पडद्यावर ‘नो सिग्नल’च राहिलं की दोष कोणाच्या तरी माथी मारायचा. कधी कावळा बसला म्हणून, कधी म्हाताऱ्या आईने, हिराबाईने, डिशच्या दांड्याला काकडीच्या बियांची पुरचुंडी टांगली म्हणून. शेवटी बांबूची शिडी लावून हा वर, आणि बायको जयवंती आत टीव्हीपुढे. हा ओरडणार, “आला का?” ती ओरडणार, “नाय आला!” चुलीवरची भाकर करपली तरी तिने जागा सोडायची नाही. ती डिश एकदा तरी याच्या अकलेने लागली असेल तर शपथ. हलवता हलवता कधीतरी चुकून लागायची आणि हा मिशीवरून हात फिरवत खाली उतरायचा.

२०१८च्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जमिनीतून गडगड ऐकू यायची आणि मागोमाग घर हलायचं. ऐन थंडीत माणसं ताडपत्रीच्या तंबूत झोपायला लागली. माझी अंगणवाडी मी आंब्याखाली भरवू लागले. मग फेब्रुवारीत एक मोठा धक्का आला आणि अमृतच्या दाराच्या वरची भिंत अशी फाटली, की भेगेत माझी बोटं आत गेली. जयवंतीने त्याच दिवशी हिराबाईला आणि भांडीकुंडी घेऊन खळ्यावर तंबू टाकला.

त्या धक्क्याने डिशही कलली. अमृतला दुःख झालं ते फक्त तिचं.

“भूकंप किती मोठा होता ते टीव्हीवर सांगतात,” तो म्हणाला. “आपल्याला कळायला नको?”

घराची भिंत फाटली तरी याला ते टीव्हीने सांगायला हवं होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शिडी लावली आणि जयवंतीला हाक मारली.

“मी नाय आत जायची,” ती म्हणाली. “भिंत पडंल.”

“मी वर चढतोय ना? धोका तर मला आहे.”

शिडी बाहेर, अंगणात. काही झालं तर हा उडी मारून मोकळा. तिच्या डोक्यावर मात्र ती भिंत आणि त्यावर कौलं. मी कुंपणावरून म्हटलं, “अमृत, टीव्हीच अंगणात आण की.”

“वायर आखूड आहे. आणि टीव्हीवर धूळ बसते.”

टीव्हीवर धूळ बसायला नको, बायकोच्या डोक्यावर भिंत बसली तर चालेल. मला त्या माणसाची किळस आली, खरंच सांगते.

जयवंती आत गेली. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. हा वर नट सोडतोय, आवळतोय, डिश आभाळभर फिरवतोय. “आला का?” “नाय आला!” तिचा आवाज कापत होता. तेवढ्यात जमीन गडगडली. धक्का लहानच होता, पण कौलं सुटली आणि उंबऱ्यात फुटली. जयवंती धुळीने माखून बाहेर धावली. अमृत तेव्हा शिडीवर नव्हता. तो केव्हाच आंब्याखाली, माझ्या अंगणवाडीच्या पोरांमागे येऊन उभा राहिला होता. बायको दिसल्यावर त्याचा पहिला शब्द काय?

“चित्र दिसलं का गं मधी?”

जयवंतीने पदर खोचला आणि ती शिडी चढली. “आता तू आत जा. मी फिरवते.”

“तुला काय कळतं त्यातलं?” तो हसला. पण अख्खा पाडा बघत होता, म्हणून दाराकडे निघाला.

वर जयवंतीने आधी डिशचा पाइप नीट पाहिला. डिश इतकी वर्षं जिथे बसली होती तिथे गंजाची रेघ उमटली होती. तिने डिश रेटून रेटून त्या रेघेला आणून बसवली.

“आला का?”

“नाय आला!” आवाज खणखणीत आला. जरा जास्तच खणखणीत. तिने खाली पाहिलं. अमृत आत गेलाच नव्हता. दारापासून चांगला लांब, अंगणाच्या टोकाला उभा राहून हा ओरडत होता, “नाय आला! अजून फिरव, अजून!”

आणि त्याच वेळी रिकाम्या घरातून बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज आला. अमृतला टीव्ही मोठ्यानेच लागायचा, त्यामुळे अंगणात, कुंपणापलीकडे, आंब्याखाली सगळ्यांना शब्द न् शब्द ऐकू आला. बाई कांद्याच्या भावाबद्दल बोलत होती. कोणीतरी फिसकन हसलं. मला हसू आलं नाही.

जयवंती खाली उतरली.

“बाहेर ऐकू येतं,” ती म्हणाली. “आत कोणी उभं राहायलाच नको होतं. तरी तू मला त्या भिंतीखाली उभी केलीस. आणि तुझी पाळी आली तर गेला नायस.”

अमृतने इकडेतिकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “बरं, जा आता, आवाज तरी कमी कर.”

“तू जा,” जयवंती म्हणाली आणि खळ्याकडे चालू लागली.

तो दारापर्यंत गेला. वर भेगेकडे बघितलं आणि परत आला. दुपारी लाइट जाईपर्यंत टीव्ही त्या रिकाम्या घरात बडबडत राहिला, आणि आमचा डिश मास्टर अंगणात उभा राहून ऐकत होता.