माळ्यावरचे मास्तर

रसायनशास्त्र मी कुजबुजीत शिकले. आमचे मास्तर मोठ्यानं बोलतच नसत. खाली अब्बांचं रंगाऱ्याचं दुकान, भट्टीवर कपडे उकळताहेत, गिऱ्हाइकांची ये-जा चाललेली, आणि वर फळ्यांच्या माळ्यावर मास्तर मला ऑक्सिजन सांगताहेत, तोही असा की शेजारच्या घागरीलासुद्धा ऐकू जाऊ नये.

मास्तर मूळचे सातारा जिल्ह्यातले, पुण्याच्या कॉलेजात शिकवणारे. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्यावर वॉरंट निघालं. सांगली संस्थानात इंग्रजी जिल्ह्याचे पोलीस सहजासहजी येत नसत, म्हणून ते आमच्याकडं आले. त्यांच्या घरची लुगडी वर्षानुवर्षं अब्बांच्याच भट्टीत रंगत, तेवढी ओळख पुरली. त्यांचं गाव नदीपलीकडं, सकाळी गाडी जुंपली तर दुपारला पोचावं इतकं जवळ. तिथं त्यांची म्हातारी आई होती आणि घरावर पाळत होती. निघताना आईनं शपथ घातली होती, "मी जित्ती हाय तवर त्यांच्या हाती लागू नगंस." ती शपथ पाळत मास्तर दोन पावसाळे माळ्यावर राहिले. अधूनमधून म्हणत, "एकदा आईला बघून येतो." अब्बा शिडीवरूनच सांगत, "मास्तर, आईला बगाल, पर आईच्या डोळ्यांदेखत बेड्या पडतील. गप बसा."

मला मिरजेला नर्सिंग शिकायला जायचं होतं. त्यासाठी शरीरशास्त्राचं पुस्तक आणलं, तर पहिल्याच पानावर पेशी आणि तिच्या पोटात काय काय. मला ओ की ठो कळेना. मास्तरांनी पुस्तक काढून घेतलं. "आधी अणू, मग आतडं," म्हणाले. हे त्यांचं पालुपद. काळीज कसं चालतं विचारलं की हे पाण्यापासून सुरुवात करणार. मी वैतागायचे. माणसाच्या अंगातलं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच, हे कळल्यावर जरा नरमले.

मिठाचा धडा त्यांचा लाडका. चिमूटभर मीठ तळहातावर घेऊन सांगत, "ह्यातला सोडियम पाण्यात टाकला तर भडकतो. क्लोरिन नाकात गेला तर जीव घेतो. एकाला एक कण द्यायची घाई, दुसऱ्याला घ्यायची. देणंघेणं झालं की दोघं निवांत, आणि आपण ते आमटीत घालतो." मग विचारत, "तुझ्या रक्तात कोण आहे? भडकणारा सोडियम की हा निवांत झालेला?" मी निवांत म्हटलं की खूश होत.

प्रयोगशाळा कसली, अब्बांच्या दुकानातलं जे वर येईल ते. हळदीत बुडवलेल्या चिंधीवर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं की ती लाल व्हायची, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. हा खेळ मी पाळण्यात असल्यापासून पाहत होते, पण त्यामागं आम्ल आणि अल्क आहेत, आणि आपलं रक्त अल्काकडं केसभर झुकलेलं असतं, हे ठाऊक नव्हतं. "तो केसभर झोक ढळला की माणूस गेला," मास्तर म्हणत. एकदा मनुका पाण्यात टाकून त्या फुगलेल्या दाखवल्या. सालीतून पाणी आत जातं, आतली साखर मात्र बाहेर पडू शकत नाही, पेशीचंही बरंचसं तसंच. मग मनुकेकडं बघत म्हणाले, "मीही त्यातलाच. सगळ्या बातम्या आत येतात, मी आतच." हसले, पण मला हसू आलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका दुपारी दुकानाशी बैलगाडी थांबली. मास्तरांची आई उतरली. पोलीसपाटलाचा माणूस तिच्यासंगं आला होता, म्हातारी जाते कुठं ते बघायला. तिनं विटकं लुगडं अब्बांपुढं ठेवलं आणि पायरीवर बसून मोठ्यानं बोलायला लागली.

"आवं रंगारी, गडद निळं करा. आन तांबडी गाय व्याली बरं का, कालवड झाली. थोरल्याला पलटनीतनं रजा न्हाई. माजं गुडघं लय दुकत्यात, पर चार घास जात्यात. माजी काळजी कुनी करू नगा."

"म्हातारे, रंगाऱ्याला कशाला सांगतीस घरचं?" तो माणूस म्हणाला.

"मग कुनाला सांगू, बाबा? घरात हाय कोन ऐकाया?"

वर मास्तर फळ्यांवर पालथे पडले होते, गाल लाकडाला लावून. दोघांत एक फळी. त्यांनी तोंडात धोतराचा सोगा धरला होता. अब्बांनी रंग चांगला की वाईट यावर मुद्दाम घोळ घातला, तेवढंच तिला अधिक बसता आलं. मग गाडी गेली. मास्तर उठून बसले आणि मला विचारलं, "पाण्यात काय असतं?" मी म्हटलं, हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक. "बरोबर," म्हणाले, आणि पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मला त्या पाटलाच्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता.

लुगडं न्यायला कुणी आलं नाही. थंडीत गावाकडचा एक धनगर निरोप घेऊन आला, की म्हातारी पहाटे गेली.

मास्तरांनी अब्बांकडून ते लुगडं मागून घेतलं आणि खांद्यावर टाकलं. अब्बा शिडीला आडवे झाले. "तितं पोलीस बसल्यात, मास्तर."

"असू द्यात. शपथ ती होती तवरचीच होती."

मला म्हणाले, "कार्बन राहिला. तो कुणीही शिकवील." आणि सगळ्या पेठेदेखत निघाले. गावच्या वेशीवर त्यांना धरलं, लुगडं तेवढं घरी पोचू दिलं, असं मागून कळलं. मला तेव्हा रडू यायला हवं होतं. पण मी दाराशी उभी राहून नुसती बघत होते. माळ्यावर कुणालाच ताठ उभं राहता येत नसे, आम्ही सदा बसलेले नाहीतर वाकलेले. रस्त्याच्या मधोमध चाललेला तो माणूस चांगला सहा फुटी होता, आणि मला ते त्या दिवशी कळलं.